पाचवी तार आणि हेल्मेट

"मागे सरक," मी हेल्मेटच्या आतून म्हणालो.

"काय?" ताईने विचारलं.

मी काच वर केली. "मागे सरक म्हटलं. तार तुटली तर सरळ डोळ्यात जाईल."

"मग काच खाली कर ना. उघडी ठेवून काय सांगतोयस?"

मी काच खाली केली. आत माझाच श्वास घुमत होता. पण तो माझ्यापेक्षा बराच मोठा कुणी प्राणी घेतोय असं वाटत होतं. मांडीवर लाल रंगाचा बास गिटार, पायाशी पक्कड, हातात पाचव्या तारेची खुंटी. स्वयंपाकघराच्या दारात आई परात ढालीसारखी छातीशी धरून उभी. आमच्या मांजराला घरात काय चाललंय याच्याशी कधीच देणंघेणं नसायचं. त्याने हे दृश्य एकदा नीट पाहिलं, आणि ते खिडकीतून उडी मारून निघून गेलं.

"शमू, राहू दे रे," आई परातीमागून म्हणाली. "चर्चमध्ये पेटी आहे की. पेटीने कधी कुणाचा डोळा गेलाय का?"

"आई, परात खाली ठेव," ताई म्हणाली. "युद्ध नाहीये हे."

मी खुंटी पाव फेरा फिरवली. क्रर्रर्र असा आवाज आला. तो तारेतून आला, लाकडातून आला की माझ्यातून, हे आम्हा तिघांनाही सांगता आलं नसतं.

मी भित्रा आहे हे नगरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्याला कारण होतं. माझ्या डाव्या भुवईत मधोमध एक टक्कल आहे. लहानपणी संडे स्कूलच्या मेंडोलिनची तार माझ्या तोंडासमोर तुटली होती, तिची ती सही. त्या रविवारी पाळकसाहेबांनी माझ्यासाठी खास प्रार्थना केली. डोळा वाचला, केस मात्र परत आले नाहीत. तेव्हापासून ताणलेली कुठलीही वस्तू दिसली की मी अंतर ठेवून चालतो. कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा मी वाकून ओलांडतो, आणि ती माझ्या डोक्याच्या बरीच वर असते.

असा माणूस बासला तार का लावत होता? तर ताईवर स्पीकर पडला होता म्हणून.

रिबेकाताई आमच्या चर्चच्या वाद्यवृंदात बास वाजवायची. दिवसा बालवाडीत शिकवायची, आणि उरलेला वेळ घराच्या भिंती हलवायची. एका लग्नात ती स्टेजवर बसली होती, नवरदेवाचे मामा भाषण करत होते, आणि शेजारचा स्पीकरचा मनोरा कलंडून तिच्या डाव्या हातावर आला. "मामांच्या भाषणात वजनदार असं तेवढंच होतं," असं ती शुद्धीवर आल्या आल्या म्हणाली, त्यामुळे डोक्याला मार नाही हे डॉक्टरांना लगेच कळलं. कोपराचं ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसली. हात वाचला, पण पूर्ण सरळ होईना. तिचा जुना बास लांब दांड्याचा. त्याच्या टोकाच्या पट्ट्यांपर्यंत आता तिची बोटं पोचत नव्हती.

आई म्हणाली, सुटलो. ताईने तो बास विकला आणि हा आखूड दांड्याचा पाच तारी लाल बास घरी आणला. आईने त्याच्याकडे सुनेकडे बघावं तसं बघितलं.

वाद्यवृंद विल्सनमामा उजागरे चालवायचे. मामा ते सगळ्या चर्चचे होते, आमचे नव्हते. ते घरी आले, सलाम झाला, चहा झाला. चहा जाड, कानवाल्या कपातून. महिन्यापूर्वी आईने घरातले सगळे स्टीलचे पेले माळ्यावर टाकून हे कप आणले होते. का, असं विचारल्यावर म्हणाली, पाहुण्यांना बरं दिसतं. आमच्याकडे पाहुणे येत नसत.

"हे बघ रिबेका," मामा म्हणाले, "सुधाकरराव आता कीबोर्डवर डाव्या हाताने बास काढतात. मला अडचण नाही. पण जागा तुझी आहे. कापणीच्या सणाला ये, वाजवून दाखव. जमलं तर तू. नाहीतर त्यांचा डावा हात. मग वाईट वाटून घ्यायचं नाही."

"वाईट कशाला वाटेल?" ताई हसत म्हणाली. मामा गेल्यावर ती बराच वेळ रिकाम्या कपाकडे बघत बसली.

तारा आणायचं काम माझ्याकडे आलं. नगरात पाच तारी आखूड बासच्या तारा मागितल्यावर दुकानदाराने मला तंबूच्या दुकानाचा पत्ता दिला. म्हणून मी पुण्याला एका दुकानात फोन लावला. तिथे लुकतुके नावाचे गृहस्थ होते.

"लांबी किती? खाली तारा टेकतात त्या ब्रिजपासून वरच्या खाचेपर्यंत?"

"तीस इंच."

"नीट मोजा. चौतीस असेल."

"आईच्या शिवणकामाच्या टेपने मोजलीय."

मग ते म्हणाले, "अहो, आखूड दांड्याला पाच तारा म्हणजे बुटक्या माणसाला नऊवारी नेसवणं. सगळीकडे घोळ."

"म्हणजे?"

"सूर तोच ठेवायचा आणि दांडा आखूड करायचा, की तार सैल पडते. चार तारांचं निभावून जातं. पाचवी, सगळ्यात खालच्या सुराची, ती लोंबते. तिला ताठ ठेवायची तर जाड घ्यावी लागते. जाड घेतली की बोटांना जोर पडतो. मग लोक परत येऊन मला बोलतात. पातळ दिली की ती फडफडते. तेव्हाही मलाच बोलतात."

"मग मी कुठली घेऊ?"

"कुणाकडून बोलून घ्यायचंय ते ठरवा."

मी डॉक्टरांना घाबरायचो. हाताला ताण नको असं ते म्हणाले होते. मी सगळ्यात पातळ, हलका संच मागवला.

त्या तारा लावताना काहीच भीती वाटली नाही, कारण त्या ताणल्याच जात नव्हत्या. पाचवी तार तर अशी झोकांड्या खात होती की आईने तिच्यावर ओला टॉवेल टाकायचा तेवढा बाकी होता. ताईने वाजवायला घेतलं. मान खाली, नजर डाव्या हाताच्या बोटांवर. पूर्वी ती वाजवताना छताकडे बघायची. एक सूर लागला, दुसरा थप्प असा मेला, तिसऱ्याला बोट तारेच्या शेजारीच जाऊन बसलं.

"ह्या तारा आहेत की शेवया?" ती ओरडली.

"हलक्या आहेत. तुझ्या हातासाठी."

"सगळ्यात जाड आण."

"डॉक्टर म्हणाले—"

"डॉक्टर बास वाजवतात का?"

"झेपेल तुला?"

"हात माझा आहे, शमू. जाड आण. बाजारात मिळेल त्यातली सगळ्यात जाड."

तिचा हट्टी स्वभाव सगळ्या गल्लीला ठाऊक होता. मीही तो हट्टच समजलो.

लुकतुक्यांनी दुसऱ्या फोनला माझा आवाज लगेच ओळखला. "आलात? बोला, काय बोलायचंय ते बोला."

मी जाड तारा मागितल्या. ते म्हणाले, इतकी जाड पाचवी तार फक्त लांब बासच्या मापाची येते. लांबी उरेल, ती कापावी लागेल. "आता ऐका. आधी काटकोनात वाकवायची, मग कापायची. आधी कापलीत तर वरची गुंडाळी सुटून सालीसारखी उलगडत जाईल आणि तार वाया. आधी वाकवा. मग कापा."

"आणि ताणताना तुटली तर?"

"जाड तार सहसा तुटत नाही."

"सहसा?"

"साहेब, गिऱ्हाईक आलंय," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या 'सहसा'पायी मी हेल्मेट घातलं होतं.

वाकवून झालं होतं, कापून झालं होतं. चार तारा चढल्या होत्या. आता ही पाचवी, माझ्या करंगळीला लाजवील अशी, खुंटीभोवती अजगरासारखी वळत होती. प्रत्येक पाव फेऱ्याला ती कण्हायची, मग मी थांबायचो, मग ताई "हं" म्हणायची, मग मी देवाचं नाव घ्यायचो. दांडा वाकेल असं वाटायचं. ब्रिज उपटून छताला लागेल असं वाटायचं. आईने परात थोडी वर घेतली. आता तिचे फक्त डोळे दिसत होते.

"अजून थोडी," ताई म्हणाली.

"बास झाली."

"अजून. सूर खाली आहे."

"खाली राहू दे ना! सगळ्यांनी वरच जायला पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

"शमू."

मी डोळे मिटून फिरवली. क्रर्रर्र. आणि मग काहीच नाही. मी एक डोळा उघडला. तार जागेवर होती. दांडा जागेवर होता. भुवया दोन्ही, म्हणजे एक पूर्ण आणि एक अर्धी, जागेवर होत्या. मी हेल्मेट काढलं तर आत पाणी साचलेलं.

"झालं का रे?" आईने विचारलं.

"झालं."

"देवाची कृपा," म्हणून आई परातीसकट आत गेली. थोड्या वेळाने परातीत पीठ पडल्याचा आवाज आला.

ताईने बास मांडीवर घेतला. तार छेडली. खिडकीची काच थरथरली. ताई हसली, स्पीकर पडल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. डाव्या हाताने खुंटी धरून ती सूर नीट लावू लागली. थोडं वर, थोडं खाली, पुन्हा वर. तोंडाने गुणगुणत होती. मी घाम पुसत बघत होतो.

बास लाल होता, म्हणून आधी कळलं नाही. मग तिच्या पांढऱ्या ओढणीवर एक थेंब पडला. मग दुसरा.

मी कापलेल्या तारेचं टोक खुंटीतून काट्यासारखं बाहेर आलं होतं. खुंटी फिरवताना दर वेळी तिचं बोट त्याच्यावर दाबलं जात होतं. टोक आत जात होतं, बाहेर येत होतं. आणि ती गुणगुणत होती.

"ताई."

"थांब रे, सूर जातोय."

"ताई, बोट."

तिने आपल्या बोटाकडे पाहिलं. बसमध्ये दुसऱ्याचं मूल रडत असावं आणि आपण त्याच्याकडे बघावं, तसं. ओरडली नाही. हात झटकला नाही. आधी स्वयंपाकघराकडे बघितलं, मगच बोट ओढणीत गुंडाळलं.

हेल्मेटात इतका वेळ मी ज्याला भीती समजत होतो, ती भीती नव्हतीच; खरी भीती ही.

"दुखलं नाही तुला?" मी कुजबुजलो.

"हळू बोल."

"दुखलं नाही?"

"नाही." ती खिडकीकडे बघत होती. "करंगळी आणि तिच्या शेजारचं. गरम नाही, गार नाही, टोचलेलं नाही. बधिर. पहिल्या दिवसापासून."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"येईल म्हणतात. मग म्हणतात, वेळ लागेल. मग पेन खाली ठेवतात." ती जराशी हसली. "पातळ तार बोटाखाली आहे की निसटली, हे मला बघितल्याशिवाय कळत नाही. आणि बोटांकडे बघत वाजवणारी बाई विल्सनमामा एका ओळीत ओळखतील."

"मग जाड तारेने काय होणार? बोट तर तेच आहे."

तिने माझा हात ओढला आणि आपल्या डाव्या कोपरावर ठेवला, जिथे आत पट्टी होती तिथे. बधिर बोटाने पाचवी तार दाबली आणि उजव्या हाताने छेडली.

माझ्या तळव्याखाली तिचं कोपर गुणगुणलं.

तिने बोट जरा बाजूला सरकवलं. गुणगुण थांबली. पुन्हा तारेवर आणलं. पुन्हा सुरू.

"बोटाला नाही कळत," ती म्हणाली. "हाडाला कळतं."

आतून आईने विचारलं, "काय कुजबुजताय रे?"

"काही नाही!" आम्ही दोघं एकदम ओरडलो, म्हणजे काहीतरी आहे हे जितकं स्पष्ट सांगता येईल तितकं सांगितलं.

"आईला सांगायचं नाही," ताई म्हणाली. "रडेल. आणि बास भंगारात घालेल. तव्याजवळ सुद्धा जाऊ देत नाही मला हल्ली, म्हणते तू चपात्या जाळतेस. मी कधी जाळल्या?"

मी तारेच्या टोकावर काळी चिकटपट्टी गुंडाळली. एवढी गुंडाळली की खुंटीला गालगुंड झाल्यासारखं दिसायला लागलं.

कापणीच्या सणाला आमचं चर्च भाजीबाजारासारखं दिसतं. वेदीपाशी ज्वारीची ताटं, ऊस, भोपळे, पाय बांधलेली एखादी कोंबडी. लोक आपल्या पिकातलं पहिलं देवाला आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. दोन साडू हट्टाला पेटले की दुधी कोंबडीपेक्षा महाग जातो आणि कोंबडी अपमानित दिसते. एरवी मला हा दिवस फार आवडतो. त्या दिवशी मी बाकावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसलो होतो.

"हेल्मेट कशाला आणलंस?" आईने विचारलं.

"गाडीवरून चोरीला जातं."

"आपण रिक्षाने आलो, शमू."

मी हेल्मेट बाकाखाली सरकवलं.

पहिलं गीत सुरू झालं. ताईची मान खाली होती. मी मनातल्या मनात ओरडत होतो, वर बघ, वर बघ. ती वर बघायला गेली, आणि एक सूर थप्प करून मेला. विल्सनमामांची मान वळली. दुसऱ्या कडव्यात ती पुन्हा बोटांकडे बघू लागली, आणि मामा तिच्याकडे. मग त्यांनी कीबोर्डकडे पाहून हनुवटी किंचित खाली केली. सुधाकरराव बँकेत कॅशियर, चुकायची सवय नाही. त्यांनी डावा हात शांतपणे खालच्या सुरांवर ठेवला. ताईच्या बासखाली दुसरा बास वाजू लागला. तिलाही तो ऐकू आला असणार. तिच्या कानशिलावरची शीर मला बाकावरून दिसत होती.

गीत संपलं. पाळकसाहेब उठले. "आपण सर्व जण डोळे मिटू या."

सगळ्यांनी मिटले. आमच्याकडे प्रार्थनेखाली हळू संगीत चालू ठेवतात. आणि आमचे पाळकसाहेब कापणीच्या प्रार्थनेत एकेका भाजीचे स्वतंत्र आभार मानतात, त्यामुळे ते बराच वेळ चालतं. मी डोळे मिटले नाहीत. भ्यालेल्या माणसाला ते जमत नाही.

"हे प्रभू, आम्ही ज्वारीबद्दल तुझे आभार मानतो…"

ताई बोटांकडे बघत होती. सुधाकररावांचा डावा हात तिच्या सुरावर सूर ठेवत होता.

"…वांग्यांबद्दल, भेंडीबद्दल…"

तिने मान वर केली. एकदा छताकडे पाहिलं, पूर्वी बघायची तसं. मी बाकाची कड घट्ट धरली. आणि मग, दोडक्यापाशी, तिनेही डोळे मिटले.

ताई, नको, असं मी म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं.

पाचवी तार वाजली. खूप खालून, सावकाश. ती मला कानात नाही, बाकाच्या फळीतून माकडहाडात कळली. मग पुढचा सूर. मग त्याच्या पुढचा. एकही मेला नाही. तिचं डावं कोपर पोटाशी दाबलेलं होतं, आणि चेहरा असा होता की कुणीतरी तिला दुरून काही सांगतंय आणि ती ऐकतेय. वेदीपाशी भोपळ्यावर ठेवलेली मिरची हळूहळू घरंगळत खाली आली.

"…आणि कारल्याबद्दल सुद्धा, प्रभू…"

विल्सनमामांचे डोळे मिटलेले होते, पण मान हलत होती. सुधाकररावांनी डावा हात कीबोर्डवरून उचलला, क्षणभर हवेत धरला, आणि खिशात घालून टाकला.

मी श्वास सोडला. आनंद कुणाला तरी दाखवायचा म्हणून आईकडे वळलो. ती डोळे मिटून बसली असेल, निदान तिच्या शांत चेहऱ्याकडे तरी बघू म्हटलं.

आईचे डोळे उघडे होते.

ती ताईकडे बघत नव्हती. ताईच्या डाव्या हाताकडे बघत होती. त्या करंगळीकडे. आणि मांडीवर, पदराखाली, ती स्वतःची करंगळी चिमटीत धरून जोरात दाबत होती, इतकी जोरात की नख पांढरं पडलं होतं.

जाड, कानवाले कप. माळ्यावरचे स्टीलचे पेले, ज्यांना हात लावल्यावर चहा किती गरम आहे ते कळतं, कळत असेल तर. तवा.

माझी नजर तिला जाणवली असावी. तिने माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे उघडे आहेत हे तिला दिसलं, आणि का उघडे आहेत हेही. आम्ही दोघं त्या डोळे मिटलेल्या माणसांच्या मध्ये चोरांसारखे एकमेकांकडे बघत राहिलो. ती मला रागावली नाही. तिने करंगळी सोडली, ओठांवर बोट ठेवलं, आणि हळूच ताईकडे मान वळवून खुणावलं: तिला सांगायचं नाही.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले.

सगळ्यांनी डोळे उघडले. आई आणि मी, दोघांनी झटकन मिटून घेतले.